वेबसाइटसाठी भूतलेखक नेमायचाय. आधी एकदा तोंड पोळलंय, सल्ला द्या

मोटारवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

पाण्याचे पंप बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. हाताखाली चार जण आहेत. भाच्याने वेबसाइट करून दिली, पण तिच्या पाच पानांवर अजून "येथे मजकूर येईल" एवढंच आहे (हसू नका). पंप उघडून समोर ठेवा, मी तासभर बोलेन. लिहायला बसलो की दुसऱ्या ओळीला घोडं अडतं.

मागे ऑनलाइन शोधून एकाकडून लिहून घेतलं होतं. दर शब्दावर. आठ दिवसांत बारा पानं आली. पहिलं वाक्य होतं, "आजच्या धकाधकीच्या जीवनात पाणी ही मानवाची मूलभूत गरज आहे." मी पुढचं वाचलंच नाही, बरं दिसतंय म्हणून सगळं चढवून टाकलं. चूक माझीच. त्यात एका पानावर होतं, "आमचे पंप कितीही खोल विहिरीतून पाणी सहज खेचून घेतात." महिन्याभराने एका गृहस्थांचा फोन. त्यांच्या विहिरीत पाणी साठ फुटांवर, आणि त्यांना वर काठावर ठेवायचा पंप हवा होता. असं होत नाही हे पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी ते म्हणाले, "मग लिहिलंय कशाला?" यावर काय बोलणार? त्याच रात्री बारा पानं उडवली.

आता पुन्हा कोणाला तरी नेमायचं म्हणतोय. नाव माझंच राहील, लिहिणारा पडद्याआड. माणूस कसा निवडायचा, पैसे कशावर ठरवायचे, लिखापढी काय करायची, यातलं मला काही कळत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आगाऊ कार्टं
मी पयला!
भूत ठेवायचंय तर अमावास्येला जाहिरात द्या. हलके घ्या.
अवांतर: पण खरंच, कितीही खोलीवरून का नाही खेचत? जास्त ताकदीची मोटर लावली तर?

मोटारवाला
@आगाऊ कार्टं, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. वर ठेवलेला पंप पाणी खेचतच नाही हो. तो पाइपमधला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाबून ते पाइपमध्ये चढवते. समुद्रसपाटीला हवेच्या अंगात पाण्याचा १०.३ मीटरचा स्तंभ तोलण्याइतकाच दम असतो. मोटर हत्तीएवढी लावलीत तरी हवा तेवढीच. त्यात पाइपातलं घर्षण आणि सांध्यांतली गळती धरली की प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या वर भरवसा ठेवायचा नाही. पाणी त्याहून खाली असेल तर पंपच पाण्यात सोडायचा, म्हणजे तो खालून ढकलतो. ढकलायला ती मर्यादा नाही. स्ट्रॉने पिताना आणि पिचकारी उडवताना जो फरक असतो, तोच.

दौत
मोटारवाला, एक विचारू? वरचा प्रतिसाद तुम्हाला कोणी लिहून दिला?

मोटारवाला
@दौत, कोणी नाही. का? काही चुकलं का?

दौत
नाही हो, उलटंच. धाग्यात तुम्ही म्हणालात की दोन ओळींत घोडं अडतं, आणि इथे एका दमात असं लिहिलंत की मला आयुष्यात पहिल्यांदा पंप कळला. फरक इतकाच की कार्ट्याने तुम्हाला प्रश्न विचारला होता. कोऱ्या कागदाने विचारलेला नव्हता.

मी हेच काम करते, बरीच वर्षं. नावं सांगता येत नाहीत, पण वकिलांसाठी, दातांच्या डॉक्टरांसाठी, लिफ्ट बसवणाऱ्यांसाठी लिहिलंय. माझ्या कामाचा मोठा भाग लिहिण्याचा नसतोच, विचारण्याचा असतो. तुमच्या त्या पहिल्या लेखकाने लिहायच्या आधी किती प्रश्न विचारले होते?

मोटारवाला
एक. "किती शब्द हवेत?"

दौत
मग त्याला फार दोष देऊ नका. तुम्ही माल दिला नाहीत, त्याने हवेतून विणलं. ज्याला पंपाची माहिती नाही तो इंटरनेटवरची दहा पानं वाचून अकरावं लिहितो, आणि त्या दहांतली तीन त्याच्यासारख्यांनीच लिहिलेली असतात. "कितीही खोल" वगैरे अशीच जन्माला येतात. वाक्य गोंडस होतं, खोटं आहे हे त्याला कळायची सोयच नव्हती.

मी करते ते असं. आधी तासाभराचं बोलणं, परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेलं. "तुमच्या कंपनीबद्दल सांगा" असं मी कधीच विचारत नाही, कारण त्यावर माणूस लगेच भाषणाच्या पवित्र्यात जातो. मागच्या आठवड्यातलं एक काम सांगा. गिऱ्हाइकाचं फोनवरचं पहिलं वाक्य काय असतं, त्याच्याच शब्दांत? तुम्हाला बोलवायच्या आधी लोक काय करून बसलेले असतात? तुम्ही कोणाला "घेऊ नका" म्हणून परत पाठवता? या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस खुलतो, त्याची वेबसाइट चांगली होते. मग रेकॉर्डिंग शब्दशः उतरवते. ते कंटाळवाणं असतं, पण सगळं सोनं त्यातच सापडतं. तुम्ही "हवेच्या अंगात दम" म्हणालात ना? ते मी कधीच बदलणार नाही.

मराठीत याला फार सभ्य शब्द आहे, शब्दांकन. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. व्यासांना गणपती मिळाला तो याच कामाला. गणपतीची अट सगळ्यांना पाठ असते, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट घातलेली अट मात्र लोक विसरतात: अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. माझ्या मते करारातलं पहिलं कलम तेच हवं.

खोडरबर
@दौत, छान. फक्त एक चिमटा. भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत तो गणपतीचा प्रसंग मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकलाय. थोडक्यात, आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध लेखनिकाचंही नाव शेवटी संपादकांनी पडद्याआड ढकललंच. धंद्याची परंपरा जुनी दिसते.

मूळ प्रश्नाकडे. मी संपादनाच्या बाजूचा आहे, दोन-तीन ठिकाणी लेखक निवडून दिलेत. इथली मुख्य अडचण अशी की चांगल्या भूतलेखकाला आपलं काम दाखवता येत नाही, गुप्ततेला बांधलेला असतो. जो धडाधड वीस दुवे पाठवून "हे सगळं मीच लिहिलंय, नाव दुसऱ्याचं आहे" म्हणतो, तो उद्या तुमचंही नाव तिसऱ्याला सांगणार. तेव्हा जुन्या कामावरून पारख करायचीच नाही. एक पान द्या, पैसे देऊन. फुकट नमुना मागू नका, फुकटात चांगली माणसं येत नाहीत. आणि सोपं "आमच्याविषयी" देऊ नका, अवघडातलं अवघड द्या. ते चाळणी लावतं. मग मजकूर कसा आला हे नंतर बघा, आधी त्याने काय काय विचारलं ते मोजा. "यातला हा मुद्दा मला समजला नाही" असं कबूल करणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

शब्दावर दर मात्र नकोच. शब्दावर पैसे दिले की शब्द येतात. "पाणी ही मानवाची मूलभूत गरज आहे" हे वाक्य लेखकाने लिहिलेलं नाही, तुमच्या दराने लिहिलंय. पानावर किंवा अख्ख्या कामावर रक्कम ठरवा, त्यात बोलण्याचा वेळ, पहिला खर्डा आणि दोन वेळा दुरुस्ती धरा. तिसऱ्या दुरुस्तीपासून वेगळे पैसे. हे तुमच्या बाजूने वाटत नाही, पण आहे. दोनच संधी आहेत म्हटल्यावर माणूस पहिल्याच वेळी नीट वाचून सगळं एकदम सांगतो.

तिरकी रेघ
सगळं वाचून मला एकच कळत नाही. २०२० साली हा धागा ठीक होता. आज चॅटजीपीटीला सांगितलं की अर्ध्या मिनिटात बारा पानं. भूत फुकटात मिळत असताना माणूस कशाला?

आगाऊ कार्टं
+१ भूत ते भूतच. निदान हे झोपत तरी नाही.

दौत
@तिरकी रेघ, वापरा की, मी कुठे अडवलंय. पण यंत्रालाही माल लागतोच. मोटारवाल्यांनी "पंप दुरुस्तीवर बारा पानं दे" म्हटलं तर "आजच्या धकाधकीच्या जीवनात" हेच परत येणार, फक्त शुद्धलेखन चांगलं असेल. मी स्वतः रेकॉर्डिंग उतरवायला यंत्राची मदत घेते. हल्ली करारात लिहून देते की कुठे वापरते आणि कुठे नाही. गिऱ्हाइकाचं खासगी बोलणं परक्या सर्व्हरवर चढवायचं असेल तर त्याला आधी विचारायला नको का?

तिरकी रेघ
लेखकाने गुपचूप यंत्राकडून लिहून घेतलं आणि पैसे माणसाचे घेतले तर? ओळखायची साधनं आहेत म्हणतात.

सर्व्हरखालचा
त्या साधनांवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक ओळखयंत्र काढलं होतं. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत गुंडाळलं. बनवणाऱ्यालाच ओळखता येईना तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. अशी साधनं साध्यासरळ माणसाच्या मजकुरावरही "यंत्र" असा शिक्का मारतात, आणि मग प्रामाणिक लेखकाशी नाहक भांडण. त्यापेक्षा लेखकाला खर्ड्याच्या आधीच्या नोंदी दाखवायला सांगा. बोलणं झालंय, प्रश्न झालेत, तर त्याच्याकडे खरडलेलं काहीतरी असणारच.

आता गूगलबद्दल, कारण हा प्रश्न येणारच आहे. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, यावर आम्ही क्रम ठरवत नाही, उपयोगी आहे का ते बघतो, असं गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर सांगितलं. मात्र मार्च २०२४ मध्ये स्पॅमचे नियम कडक केले. फक्त क्रमवारीत वर येण्यासाठी घाऊक पानं पाडली, मग ती माणसाने पाडलेली असोत की यंत्राने, तर कारवाई. हे काही अगदी नवीन नाही. क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतल्या फेब्रुवारी २०११ च्या "पांडा" बदलाने असल्याच घाऊक लेखनाच्या कारखान्यांची दाणादाण उडवली होती. आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत आधीच्या कौशल्य, अधिकार आणि विश्वास या तीन निकषांच्या आधी अनुभव हा चौथा निकष आला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट प्रत्यक्ष केलीय का? मोटारवाला, तुमच्याकडे हातांना ग्रीस लागलेला अनुभव आहे. तो पानावर दिसला नाही तर शेजारच्या दुकानदारात आणि तुमच्यात गूगलला फरक कळणार कसा?

बाकी "कीवर्ड घनता (म्हणजे लोक शोधतात तो शब्द पानावर किती वेळा येतो ते) अमुक टक्के ठेवा", "किमान इतके शब्द हवेतच" असं कोणी सांगू लागला तर नमस्कार करून वाट धरा. शब्दसंख्येची अशी काही अट गूगलची नाही. आणि पानाच्या पोटात लपवायचे ते कीवर्ड टॅग क्रमवारीसाठी बघत नाही हे गूगलने २००९ सालीच सांगून टाकलंय. अजूनही त्याचे पैसे लावणारे भेटतात, यावर काय बोलावं.

गुपचूप
मोटारवाला, एक तांत्रिक गोष्ट लिहितो, नाहीतर माझ्यासारखं व्हाल. आमच्या संस्थेच्या साइटवर साहेबांच्या नावाने लेखमाला होती, लिहिणारी एक बाई होती. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या एका तयार प्रणालीवर. कामाची घाई, म्हणून मी तिला सरळ ॲडमिनचं खातं करून दिलं आणि ती स्वतःच लेख चढवायची. लेखाखाली साहेबांचं नाव, तेही हाताने टाइप केलेलं. पण वर्डप्रेस ज्या खात्यातून लेख चढतो त्यालाच लेखक धरतं, आणि आमच्या साइटवर त्या खात्याचं लेखकाचं पान आपोआप तयार झालेलं होतं, पत्त्यात तिच्या नावासकट. कोणीतरी तिचं नाव गूगलवर टाकलं, तर साहेबांचे सगळे लेख तिच्या नावाखाली ओळीने उभे. वार्षिक सभेत एकाने हसत हसत विचारलं, "साहेब, या बाई कोण?" त्यानंतरचा आठवडा मी इथे लिहीत नाही.

तेव्हा लेखकाला "काँट्रिब्युटर" हीच भूमिका द्या. त्यात लिहिता येतं, प्रसिद्ध करता येत नाही, चित्रंही चढवता येत नाहीत. प्रसिद्ध तुम्ही करा आणि लेखक म्हणून स्वतःचं खातं निवडा. वर्डची फाइल उतरवून घ्यायला साइटवर ठेवणार असाल तर तिच्या गुणधर्मांतलं लेखकाचं नावही तपासा, तेही बोलतं.

मोटारवाला
बाप रे. भाच्याला आत्ताच फोन लावतो. पासवर्ड सगळ्यांना एकच आहे आमच्याकडे.

सर्व्हरखालचा
@मोटारवाला 🤦 व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कायदेकानू
लिखापढीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. हा सल्ला नव्हे, नुसती माहिती. करार करताना आपल्या वकिलाला दाखवा.

बहुतेकांना वाटतं की पैसे दिले म्हणजे मजकूर आपला. तसं नसतं. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सहसा मालकाचं असतं. बाहेरच्या स्वतंत्र माणसाने लिहिलेलं त्या माणसाचं, जोवर तो लेखी करून ते तुमच्या नावे करत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ बघा. हस्तांतर लेखी आणि सही केलेलं हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेबसाइट तर जगभर दिसते! म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांत" हे शब्द कंटाळवाणे वाटले तरी घाला. अमेरिकेत बाहेरच्या माणसाचं काम "मोबदल्यावर केलेलं काम" (म्हणजे मुळातच काम देणाऱ्याच्या मालकीचं) ठरायला ते कायद्यातल्या ठरावीक ९ प्रकारांत बसावं लागतं आणि दोघांच्या सह्याही लागतात, म्हणून तिथेही वकील वेगळं हस्तांतर लिहून घेतात. जर्मनीत तर लेखकाचा हक्क मुळात विकताच येत नाही, वापराचा अधिकार तेवढा मिळतो. लेखक दुसऱ्या देशात असेल तर करारात कुठला कायदा लागू ते लिहा.

दुसरी गोष्ट नावाची. लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क हा पैशांच्या हक्काहून वेगळा असतो. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा, त्यात हा नैतिक हक्क १९२८ साली आला. तो कितपत सोडून देता येतो हे देशागणिक बदलतं. म्हणून "नाव न देण्यास माझी संमती आहे, मी लेखकत्वाचा दावा करणार नाही" असं लेखकाकडून स्पष्ट लिहून घ्या.

आणि @दौत यांच्या बाजूने एक: हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरित होतील, असं लेखकाने लिहून घ्यावं.

दौत
कायदेकानूताई, दंडवत. ते शेवटचं वाक्य मी फार उशिरा शिकले. एका गिऱ्हाइकाने चौदा पानं घेतली, "बघून कळवतो" म्हणाला आणि गायब. दोन महिन्यांनी बघते तर सगळी साइटवर, स्वल्पविरामासकट. करार म्हणजे दोन ओळींचा मेल. हल्ली अर्धे आधी घेते. शिवाय काम मध्येच बंद केलंत तर झालेल्या कामाचे किती, हेही आधीच लिहून ठेवते.

तुम्हा मंडळींच्या सवयींबद्दलही थोडं बोलू द्या. "जरा पंच आणा." "मजा येत नाहीये." यातून काय दुरुस्त करायचं? अमुक वाक्य मी असं बोलत नाही, ही माहिती चुकीची आहे, इथे गिऱ्हाईक घाबरेल, असं सांगा. आणि मत एकानेच द्या. एकदा माझ्या एका पानावर भाऊ, वहिनी, हिशेबनीस आणि त्यांचा बारावीतला मुलगा असे चौघे चार रंगांत दुरुस्त्या करत होते. मुलाच्या दुरुस्त्या सर्वांत चांगल्या होत्या, ते सोडा.

तिरकी रेघ
आणखी एक शंका. यात फसवणूक नाही का? नाव मोटारवाल्यांचं, अक्कल दुसऱ्याची.

खोडरबर
@तिरकी रेघ, अक्कल मोटारवाल्यांचीच असेल तर फसवणूक कसली? वाक्यं तेवढी दुसऱ्याची. उलट झालं, म्हणजे ज्याला पंप कळत नाही त्याच्या नावाने "पंपतज्ज्ञाचे बोल" छापले, तर ती फसवणूक. विद्यार्थ्याचा प्रबंध लिहून देणं मला मान्य नाही, कारण तिथे लिहिणं हीच परीक्षा असते. पंपवाल्याची परीक्षा पंपापाशी होते.

दौत
मी एकच गोष्ट कधी लिहून देत नाही: गिऱ्हाइकांचे अभिप्राय. "पाच-सहा टाका ना, वेगवेगळ्या नावांनी" असं मागणारे असतात. ते लेखन नाही, सरळ खोटी साक्ष आहे.

कायदेकानू
अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियमच केलाय, दंडासकट. इतरत्रही वारं त्याच दिशेला आहे.

मोटारवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे, भाच्यालाही पाठवली. आता शोधाला लागतो. काय होतं ते इथेच कळवेन.

---

मोटारवाला
धागा वर काढतोय. सात आठवडे झाले.

तिघांना एकेक पान दिलं, पैसे देऊन. खोडरबर म्हणाले तसं अवघडातलं: "मोटर फिरते पण पाणी येत नाही". पहिल्याने दुसऱ्याच दिवशी पान पाठवलं, एकही प्रश्न नाही. त्यात सबमर्सिबल (पाण्यात सोडायच्या) पंपाला प्रायमिंग करायला, म्हणजे सुरू करण्याआधी आत पाणी भरायला सांगितलं होतं. पाण्यात बुडालेल्याला पाणी पाजायचं! दुसऱ्याचं लिखाण बरं होतं, पण मी ते वाचताना सारखं वाटत होतं की हा मी नाही, टाय घातलेला दुसराच कोणीतरी आहे. तिसऱ्या व्यक्तीने (बाई की बुवा हे सांगत नाही) मेल पाठवला त्यात सतरा प्रश्न होते. चौथा प्रश्न असा: "तुम्ही सहाय्यकावर सगळ्यात जास्त कशावरून ओरडता?"

मी उत्तर लिहायला बसलो आणि नेहमीसारखं अडलं. मग सुचलं, फोन रेकॉर्डिंगवर टाकून कामाच्या टेबलावर ठेवून दिला. पोरांना सांगितलं होतं, तरी दहा मिनिटांत सगळे विसरले. दोन तासांचं ते गोंधळाचं रेकॉर्डिंग तसंच पाठवलं. त्यात एका ठिकाणी मी ओरडलोय, "आधी फूट व्हॉल्व्ह बघ रे, मोटर कशाला उघडतोस!" परत आलेल्या पानाचं शीर्षक तेच होतं, फक्त "रे" काढलेला. पानाचा तुकडा देतो, परवानगी घेतलीय:

"मोटर फिरतेय, आवाज येतोय, पण नळाला पाणी नाही. मोटर उघडू नका. आधी मेन स्विच बंद करा, कारण पंप कोरडा फिरत राहिला तर आतलं सील तापून जातं. आता प्रायमिंगचं झाकण काढून काठोकाठ पाणी ओता आणि थांबा. पातळी हळूहळू खाली उतरली तर बहुतेक वेळा दोष तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये असतो. त्यात काडीकचरा अडकला की तो मिटत नाही, पाइपातलं पाणी विहिरीत परत जातं आणि पंपाच्या वाट्याला नुसती हवा येते. व्हॉल्व्ह वर काढून धुवा, पुन्हा पाणी भरा. पंप चालला तर आम्हाला फोन करायची गरज नाही."

शेवटच्या वाक्यावरून आमचं वाजलं. मी म्हटलं, अहो, मी वेबसाइट फोन यावा म्हणून केलीय, येऊ नये म्हणून नाही. उत्तर आलं, "तुम्हीच रेकॉर्डिंगमध्ये एकाला फोनवर हेच सांगितलंय, एक तास बावीसाव्या मिनिटाला." ऐकलं, खरंच सांगितलं होतं. राहू दिलं.

गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. "तुमचं पान वाचून पाणी ओतलं, पातळी उतरत नाहीये, तरी पाणी येत नाही." म्हणजे फूट व्हॉल्व्ह ठीक, भानगड पुढे. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) चोंदलेला असणार किंवा खालची जाळी. दोन्हींच्या तयारीनिशी गेलो, एका फेरीत काम झालं. एरवी पहिली फेरी नुसती बघायला जाते.

पासवर्डही बदलले. सर्व्हरखालचा, तुमचा व्यनि भाच्याने भिंतीवर चिकटवलाय.

आगाऊ कार्टं
"पाण्यात बुडालेल्याला पाणी पाजायचं" 😂 हे पण साइटवर टाका.

खोडरबर
उत्तम उतरलंय. एकच: "काडीकचरा" जोडून लिहिलंय ते बरोबर, पण मूळ पानावर दुसऱ्या परिच्छेदात "झाकण" चं "झांकण" झालंय. अनुस्वार काढा.

मोटारवाला
काढला. धन्यवाद.

तिरकी रेघ
आता खरं सांगा. "हवेच्या अंगात दम" तुमच्या दुसऱ्या पानावर जसंच्या तसं आहे. दौतताई, तुम्हीच ना?

दौत
मी? मला पंपातलं काय कळतंय.

तिरकी रेघ
मोटारवाला?

मोटारवाला
करारातलं सातवं कलम वाचा, त्यात उत्तर आहे. फक्त करार तुम्हाला दाखवता येत नाही. तेही सातव्या कलमातच आहे.